रिकामे रकाने

मास्टर चार्टमध्ये रुग्णाला नाव नसतं. अनुक्रमांक, वय, लिंग, वजन, निदान, आणि तिथून उजवीकडे नुसते आकडे: क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, बायकार्ब, लॅक्टेट, अल्ब्युमिन, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, आरडीडब्ल्यू. शेवटचा रकाना ‘परिणाम’. रुग्ण जिवंत असला की शून्य, गेला की एक. मेडिसिनची रेसिडेंट असताना दीड वर्ष मी हा चार्ट भरत होते. थीसिसचा विषय सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे आराखड्यात, लिहिला होता तो असा: अतिदक्षता विभागातल्या एकेआयच्या, म्हणजे अचानक किडनी निकामी होऊ लागलेल्या रुग्णांमध्ये रक्तातले निर्देशक आणि मृत्यू यांचा संबंध.

विषय मी निवडला असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मला एनजीएएल, म्हणजे किडनीला इजा होताच वाढणारं एक प्रथिन, मोजायचं होतं. सरांनी सिनॉप्सिस वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “किट कोण देणार?” मी गप्प. “आयसीयूत रोज सकाळी जे रक्त काढलं जातंच, त्यातून काही निघतंय का बघ. नवीन सुई टोचायची नाही, नवीन तपासणी मागायची नाही.” तेव्हा मला ती काटकसर वाटली. पुढे कळलं की प्रश्न म्हणून तोच जास्त अवघड होता.

एनजीएएलची ओढ का होती, तेही सांगते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ, हे वरातीमागून येणारं घोडं. समजा पहाटे रक्तदाब कोसळला आणि किडनीची गाळण्याची क्षमता तासाभरात निम्म्यावर आली. क्रिएटिनिन स्नायूंमधून आपल्या ठरलेल्या वेगाने रक्तात येत राहतं आणि हळूहळू साठतं. रिपोर्टमध्ये डोळ्यांत भरण्याइतकं वाढायला एक-दोन दिवस जातात. तोवर रुग्णाला तीन-चार लिटर सलाइन गेलेलं असतं, म्हणजे जे साठलं तेही पातळ झालेलं. शिवाय आठवडाभर व्हेंटिलेटरवर पडलेल्या माणसाचे स्नायू झिजतात आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, क्रिएटिनिन तयारच कमी होतं. त्यामुळे आकडा १.४ दिसतो आणि किडनी मात्र त्याहून बरीच वाईट अवस्थेत असते.

एनजीएएल दोन-तीन तासांत वाढतं. २००५ साली हृदयशस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्याने इतकी चोख कामगिरी केली की हृदयाच्या झटक्यात जसं ट्रोपोनिन, तसं किडनीला तिचं ट्रोपोनिन मिळालं असं लोक म्हणू लागले. पण त्या मुलांना इजा नेमकी कधी झाली हे ठाऊक होतं आणि बहुतेकांना दुसरा जुना आजार नव्हता. आमच्या वॉर्डात मधुमेह, जुनी किडनी, न्यूमोनिया, सेप्सिस अशी सगळी गर्दी एकाच पलंगावर असते, आणि एनजीएएल पांढऱ्या पेशींतूनही निघतं. त्याच्या नावातला पहिला ‘एन’च मुळी न्यूट्रोफिलचा आहे. पुढे लघवीतली टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ ही प्रथिनांची जोडी आली, २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिच्या चाचणीला परवानगीही दिली. तरी आजही बहुतेक आयसीयूत सकाळी सात वाजता ज्या आकड्याची वाट पाहिली जाते तो क्रिएटिनिनचाच असतो.

तर मी रोजच्या रक्ताकडे वळले.

रुग्ण अभ्यासात घ्यायचा तर आधी त्याला एकेआय आहे हे ठरवायचं. पुस्तकात ते दोन ओळींत होतं. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची २०१२ ची व्याख्या: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली. पाठांतराला सोपी. मात्र पलंगाशेजारी उभं राहिलं की तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला पाय फुटतात.

‘मूळच्या’ म्हणजे कधीच्या? निम्म्या रुग्णांकडे आधीचा रिपोर्टच नसायचा. मग गाळण्याचा वेग ७५ धरून उलटं गणित करायचं आणि एक काल्पनिक क्रिएटिनिन काढायचं, अशी सोय आहे. सोय ठीक आहे, पण ज्याची किडनी पाच वर्षांपासून हळूहळू खराब होत आली आहे तोही या गणितात ‘अचानक’ आजारी ठरतो. अशा दोघांना मी घेतलंही होतं. सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तेव्हा काढून टाकलं.

‘दर किलोमागे’ म्हणजे वजन हवं. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं वजन करायचं कसं? पलंगातच वजनकाटा असलेली खाट आमच्याकडे एकच होती आणि तिच्यावरचा रुग्ण सहसा माझ्या अभ्यासातला नसायचा. नातेवाइकांना विचारलं तर बायको बासष्ट सांगायची, मुलगा सत्तर. सत्तर किलोला तासाला ३५ मिलिलिटर ही सीमा, बासष्टला ३१. एकतीस ते पस्तीसच्या मधे लघवी होत असलेला माणूस मुलाच्या उत्तराने आजारी आणि बायकोच्या उत्तराने बरा.

आणि ‘सहा तास’. रात्रीच्या सिस्टरना मी विचारायचे, “बारा ते एकचं युरिन किती?” एकदा उत्तर आलं, “मॅडम, शेजारच्या बेडवर सीपीआर चालू होता. एक ते दोनमध्ये दोन्ही तासांचं मिळून लिहिलंय.” यात त्यांची काय चूक? पण चार्टवर एक तास शून्य आणि पुढचा तास दुप्पट. मी दोन्हीकडे निम्मं निम्मं लिहिलं. प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या छापील कागदात, अशा निम्म्या-निम्म्याला जागा नसते, आणि थीसिसमध्ये तर ते कोणी वाचणारही नव्हतं.

लॅक्टेटचा धडा मला फुकट मिळाला नाही. पहिल्या काही आठवड्यांत मी नमुने साध्या नळीत घेऊन लॅबमध्ये पाठवत होते. वॉर्डबॉय एक आणि मजले चार, त्यामुळे नमुना पोहोचायला कधी कधी तास व्हायचा. एक दिवस एका शुद्धीतल्या, हातपाय गरम असलेल्या, रक्तदाब उत्तम असलेल्या बाईचं लॅक्टेट ५.८ आलं. सर राउंडला आले, तिच्याकडे पाहिलं, रिपोर्टकडे पाहिलं आणि म्हणाले, “या दोघींपैकी एक खोटं बोलतेय.” लगेच एबीजी, म्हणजे धमनीतलं रक्त, काढून मशीनवर लावलं तर १.६. रक्त शरीराबाहेर आलं तरी लाल पेशी जिवंत असतात, नळीत बसून साखर खातात आणि लॅक्टेट सोडतात. म्हणून एक तर तिथल्या तिथे मशीनवर लावायचं, नाहीतर फ्लोराइडच्या राखाडी झाकणाच्या नळीत घेऊन बर्फात पाठवायचं. हे मला परीक्षेसाठी येत होतं. हाताला येत नव्हतं. आधीचे सगळे नमुने मी बाद केले आणि चार्टमध्ये तेवढ्या जागा रिकाम्या राहिल्या. ते पहिले रिकामे रकाने, आणि ते माझे.

लॅक्टेट नीट मोजलं तरी ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही. पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढतं हे खरं. पण अॅड्रिनॅलिनच्या ड्रिपनेही वाढतं, यकृत थकलं की साचतं, किडनी बंद असताना मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात राहिलं तरी वाढतं. २०१६ च्या सेप्सिसच्या व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणायला पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाबाची औषधं लागणं आणि लॅक्टेट २ च्या वर असणं या दोन्ही अटी आहेत. दोन्ही पुऱ्या करणाऱ्यांमधले ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण हॉस्पिटलमध्येच जातात. म्हणजे आकडा खोटा नाही. फक्त तो एकटा वाचायचा नाही.

अल्ब्युमिनचं, म्हणजे यकृतात बनणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचं, उलट. ते घसरलं की मृत्यू वाढतो, हे जवळजवळ प्रत्येक आजारात दिसतं. पण त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास. मग दोन दिवसांत ३.६ चं २.३ कसं होतं? शरीरात ते तेवढंच असतं, केशवाहिन्या गळक्या झाल्या की रक्तातून बाहेर पाझरतं, वर सलाइन, आणि यकृत सूजेच्या काळात दुसरीच प्रथिनं बनवण्यात गुंतलेलं. म्हणून घसरलेलं अल्ब्युमिन पाहून “जेवण कमी पडतंय” म्हणणारा हाउसमन माझ्या डोक्यात जातो. मीही वर्षभर तेच म्हणत होते, हा भाग वेगळा.

आता लॅक्टेटला अल्ब्युमिनने भागलं की एक गुणोत्तर मिळतं, आणि गुणोत्तरं सध्या फार जोरात आहेत. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशी), युरिया भागिले अल्ब्युमिन, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातला फरक) भागिले काहीतरी. कुठल्याही सकाळच्या रिपोर्टमधले दोन आकडे उचला, एक वाढणारा आणि एक घटणारा, भागाकार करा, निबंध तयार. माझ्या थीसिसमध्येही तीन होती, त्यामुळे फार बोलायचा हक्क मला नाही. लॅक्टेट ४ आणि अल्ब्युमिन २ असलेला, दहा दिवस झिजत पडलेला रुग्ण, आणि लॅक्टेट ६ आणि अल्ब्युमिन ३ असलेला, तासापूर्वी शॉकमध्ये आलेला रुग्ण: दोघांचं गुणोत्तर २. दोघांसाठी करायच्या गोष्टी मात्र अगदी वेगळ्या. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे डोस सुरू केले की दुसऱ्या दिवशी आपोआप वर जातं. रक्त चढवलं की आरडीडब्ल्यू बदलतो, तो आपला नसतोच, दात्याच्या पेशींचाही त्यात वाटा असतो.

रुग्णाच्या वतीने संमतीपत्रावर सही नातेवाईक करतात. बहुतेक जण न वाचता करतात, कारण त्या दिवशी त्यांनी इतर पाच कागदांवर सह्या केलेल्या असतात. एक मुलगा मात्र रोज यायचा आणि वहीत वडिलांचं क्रिएटिनिन लिहायचा. ४.१, ४.९, ५.६. मग एक दिवस २.८. तो धावत आला. “मॅडम, निम्मं झालं!” आदल्या रात्री त्यांना सहा तास डायलिसिस झालं होतं. मी समजावलं की हे मशीनने काढलेलं आहे, किडनीने नाही. लघवी किती होते ते लिहीत जा. तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मग आधीचं पण खरं नव्हतं का?” आधीचं खरं होतं. पण त्याच्या आवाजात जो अविश्वास आला तो पुन्हा गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने वहीत दोन रकाने आखले.

मग फोन. अठ्ठाविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. या कामाबद्दल कोणीच आधी सांगत नाही. डिस्चार्जच्या वेळी घेतलेल्या नंबरवर दुपारी दोन ते चार मी फोन लावायचे, कारण तेव्हा ओपीडी संपलेली असायची. “नमस्कार, मी हॉस्पिटलमधून बोलतेय, तब्येत कशी आहे आता?” असं मी पहिल्यांदा विचारायचे. एका बाई शांतपणे म्हणाल्या, “ते तर तुमच्याकडेच गेले की हो.” मी बेड नंबरच्या घोळात चुकीची ओळ वाचली होती. त्यानंतर फोन करण्याआधी फाइल पुन्हा उघडायची आणि प्रश्न बदलून “घरी सगळे कसे आहात” असा विचारायचा, एवढं मी शिकले.

एका माणसाने स्वतःच फोन उचलला. चाळिशीचा, सेप्सिसमधून वाचलेला, आमच्या युनिटचा अभिमान. आवाज थकलेला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे म्हणाला, नोकरी सुटली. मी आभार मानले, फोन ठेवला आणि त्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. शून्य म्हणजे चांगला परिणाम. बराच वेळ कर्सर तिथेच लुकलुकत होता. या कारणासाठीच आता काही अभ्यास मृत्यू, नव्याने लागलेलं डायलिसिस आणि न भरून आलेलं क्रिएटिनिन असे तिन्ही मिळून एक परिणाम धरतात. माझा सिनॉप्सिस तोवर मंजूर झाला होता आणि परिणाम बदलायचा तर पुन्हा एथिक्स कमिटी. मी त्याच्यापुढे शेऱ्यात ‘डायलिसिसवर’ असं लिहिलं. शेरा हा रकाना गणितात जात नाही.

सगळं भरून झाल्यावर चार्ट घेऊन बायोस्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे गेले. मला वाटलं होतं त्या एरिया अंडर द कर्व्ह काढून देतील, ज्यात ०.५ म्हणजे नाणं उडवणं आणि १ म्हणजे देववाणी, आणि मी त्या आकड्याभोवती चाळीस पानं लिहीन. त्यांनी आधी चार्ट खालीवर सरकवला. “हे रिकामे किती आहेत?”

“थोडेच आहेत मॅडम. काढून टाकू. नाहीतर सरासरी भरू.”

“कोण आहेत ते?”

मला प्रश्न कळला नाही.

“ही माणसं कोण आहेत? कोणाचं लॅक्टेट केलं नाही? का केलं नाही? बघून ये, मग बोलू.”

रेकॉर्ड रूममध्ये तीन दुपारी गेल्या. धूळ, फायली, आणि एक अनुक्रमांक दुसऱ्याखाली. माझ्या बर्फाविना वाया गेलेल्या नमुन्यांची फक्त पहिल्या आठवड्यांत दाटी होती, ते ठीक. बाकीचे दोन प्रकारचे निघाले. दाखल होतानाचं लॅक्टेट नसलेले जवळजवळ सगळे असे होते की बघूनच कोणालाही एबीजी काढावंसं वाटलं नव्हतं: बोलत होते, रक्तदाब ठीक, फक्त लघवी कमी. ते बहुतेक घरी गेले. आणि ४८ तासांनंतरचं लॅक्टेट नसलेल्यांपैकी बरेच जण, ४८ तासांनंतर नव्हतेच.

मला लख्ख आठवतंय, मी स्टुलावर बसले होते आणि तो कागद मांडीवर होता. ‘लॅक्टेट उतरलं तर रुग्ण वाचतो’ हा माझा सगळ्यात ठसठशीत निष्कर्ष होता. तो ज्यांच्यावर काढला होता ते सगळे पहिले दोन दिवस जगलेले होते. ज्यांचं लॅक्टेट सर्वात वेगाने वाढलं, त्यांची दुसरी नोंदच नव्हती. आणि दुसऱ्या टोकाला, लॅक्टेट मोजलं गेलं हीच मुळी एका माणसाच्या मनात शंका आल्याची खूण होती. रात्री दोन वाजता कुणा रेसिडेंटला किंवा सिस्टरला तो रुग्ण ‘बरा वाटला नाही’, म्हणून सुई टोचली गेली. आकडा येण्याआधीच एक अंदाज येऊन गेलेला होता, आणि माझ्या चार्टमध्ये त्या अंदाजाला रकाना नव्हता.

मॅडमनी ऐकून घेतलं. “आणि सरासरी भरणार होतीस,” एवढंच म्हणाल्या. मग आम्ही ४८ तास जगलेल्यांचा हिशोब वेगळा मांडला आणि तसं स्पष्ट लिहिलं. दाखल होतानाचं गुणोत्तर नुसत्या लॅक्टेटपेक्षा किंचित सरस आलं. पण वय, व्हेंटिलेटर आणि नॉरअॅड या रक्तदाबाच्या औषधाचा डोस समीकरणात घातल्यावर ती सरशी जवळपास विरघळली. मी काढलेला सीमा-आकडाही माझ्याच रुग्णांवरून काढून माझ्याच रुग्णांवर तपासलेला होता, म्हणजे स्वतः पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच मार्क द्यायचे. तो ठेवला, पण शेजारी तेही लिहिलं.

सरांकडे मसुदा घेऊन गेले तेव्हा पडलेल्या चेहऱ्याने गेले होते. त्यांनी तो प्रकरणाच्या शेवटापासून वाचला, नेहमीसारखा. मग विचारलं, “समज तुझं गुणोत्तर अगदी उत्तम निघालं असतं. पहिल्या तासात कळलं असतं की हा जाणार. तू काय वेगळं केलं असतंस?”

“डायलिसिस लवकर.”

“स्टार्ट-एकेआय वाच.”

वाचलं होतं, पण या प्रश्नाच्या बाजूने नाही. २०२० मधला अभ्यास, तीन हजारांवर रुग्ण, एका गटाला लवकर डायलिसिस, दुसऱ्याला पोटॅशियम, आम्लता, फुप्फुसात पाणी अशी ठोस गरज पडल्यावरच किंवा किडनीची इजा तीन दिवसांत न ओसरल्यास. ९० दिवसांनी दोन्ही गटांत मृत्यू ४४ टक्क्यांच्या आसपास, फरक नाही. उलट वाचलेल्यांपैकी डायलिसिसवरच राहिलेले लवकरच्या गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के. थांबलेल्या गटातल्या तिघांतल्या एकाहून अधिक जणांना डायलिसिस लागलंच नाही. मला तो फोनवरचा थकलेला आवाज आठवला. त्याचं डायलिसिस लवकर सुरू झालं होतं की वेळेवर, हे फाइल पाहूनही मला ठरवता आलं नाही.

व्हायव्हाला परीक्षकांनी त्याच आलेखाचं, आरओसी कर्व्हचं, पान उघडलं, ओझरतं पाहिलं आणि विचारलं, “एकेआयमध्ये फ्युरोसेमाइड स्ट्रेस टेस्ट कशी करतात?” लघवी वाढवणारं हे औषध एक ते दीड मिलिग्रॅम प्रति किलो, दोन तासांत दोनशे मिलिलिटर लघवी झाली नाही तर आजार वाढण्याची शक्यता जास्त. सांगितलं. झालं. रिकाम्या रकान्यांबद्दल कोणी विचारलं नाही.

आता त्याच युनिटमध्ये मी सीनियर आहे आणि एक ज्युनिअर माझ्याच विषयाच्या पुढच्या भागावर काम करतोय. त्याच्या प्रोफॉर्मात मी एक रकाना हट्टाने घालायला लावला: ‘नमुना का घेतला’. रोजचा, की कोणाला काही खटकलं म्हणून, आणि खटकलं तर कोणाला. परवा त्याचा चार्ट उघडून बघितला. लॅक्टेट भरलेलं, अल्ब्युमिन भरलेलं, लघवीसुद्धा तासातासाची. तो एक रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, रात्री कोण लिहितं ते?”